निरोपाची शाल

पेटी उघडली की डांबरगोळ्यांचा वास येतो आणि वरच ती शाल दिसते. वडील रिसोडला शाळेत शिपाई होते. संस्थेनं चोरीचा खोटा आळ घालून त्यांना काढलं. खालच्या कोर्टात ते हरले, नागपूरच्या अपिलात जिंकले, पण तोवर निवृत्तीला एकच दिवस उरला होता. इस्त्रीचा शर्ट घालून ते रुजू झाले. दुपारी अध्यक्षांनी पोरं पटांगणात बसवून त्यांना शाल पांघरवली. "जिंकले ना तुमी? मंग आता घरी बसा." वडील म्हणाले, "मले एक डाव घंटा तं वाजवू द्या." "कायले? आता ते आपोआप वाजते." पोरं हसली. वडील वारले तेव्हा शेजाऱ्यांनी अंगावर घालायला तीच शाल काढली. मी हिसकावून घेतली. अध्यक्ष अजून धडधाकट आहेत. त्यांच्यासाठी ठेवली आहे.