दोरावरचं बारावं वजन

भुताखेताची गोष्ट सांगणाऱ्या माणसाला मी नेहमी एकच विचारायचो... तेव्हा सोबत कोण होतं, आणि त्याचा नंबर दे. बहुतेक वेळा गोष्ट तिथंच आटपायची. आता माझ्यावरच लिहायची पाळी आलीय आणि माझ्यासोबत जो एक जण होता, तो नंतर वेगळंच सांगतो. म्हणजे मलाच कोणी नंबर मागितला तर माझी पंचाईत आहे.

आधी माझ्याबद्दल. गाव बेंबळी, नोकरी वाशी-भूमच्या माळावर पवनचक्क्यांच्या दुरुस्तीची. पात्याला चीर गेली की दोरावर लटकून ती बुजवायची, हे काम चौदा वर्षं करतोय. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच अंगारे, उतारे, देवस्की सगळं घराबाहेर गेलं, ते परत आलं नाही. शिवाय स्वभाव संशयी. बायको विशाखा म्हणते, हा माणूस लिंबू घेतानाही आत रस आहे का ते कापून दाखव म्हणेल. दोरावरच्या माणसाला हा स्वभाव लागतो. दुसऱ्यानं मारलेली गाठ मी सोडून परत मारतो, मग त्याला राग येऊ दे.

विशाखाचा धाकटा भाऊ प्रवीण. मूळचा मुरुमचा, धाराशिवला एका कॉलेजात खेळाचा शिक्षक. त्याच्या डोक्यात दोन वर्षांपासून एक घळ बसलेली. बालाघाटच्या कडेला, आमच्या चक्क्यांपासून तासाभरावर, एक ओढा कड्यावरून खाली पडतो. जागेचं नाव मुद्दाम देत नाही, रविवारी लोक जेवणाचे डबे घेऊन येतील. कडा एकशे नव्वद फूट. खाली डोह, आणि डोहातून निघालेली नदी अडीच किलोमीटर अरुंद घळीतून वाहत जाऊन डांबरी रस्त्याच्या पुलाखाली बाहेर पडते. म्हणजे वरून दोरानं उतरायचं आणि नदीतून चालत बाहेर यायचं. मध्ये परत फिरायला वाट नाही. प्रवीणला तिथं कॉलेजची बारा पोरंपोरी उतरवायची होती. त्या बारांत माझी मुलगी सुजाता होती, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला.

मी होकार दिला तो एका अटीवर : प्लॅन माझा. सुतळीला दगड बांधून मी कड्याची उंची तीनदा मोजली. वरच्या पाझर तलावाचा सांडवा वाहतोय का ते पाहिलं, कारण वर पाऊस झाला तर घळीत पाणी अर्ध्या तासात कमरेला येतं. माणशी बारा मिनिटं धरली, म्हणजे बारा जणांना अडीच तास. नंतर नदीतून तीन. सकाळी नऊला पहिला माणूस दोरावर पाहिजे, नाहीतर कार्यक्रम रद्द. आणि उतरण्याची यादी केली. प्रवीण म्हणत होता सुजाताला पहिली उतरवू, बाकीच्यांना धीर येईल. मी तिचं नाव बाराव्या नंबरला लिहिलं. आपल्याकडं पंगतीला घरची माणसं शेवटी बसतात. आधी लोकांची लेकरं उतरू देत, मग आपलं. मला त्यात चांगुलपणा वाटला होता, हे कबूल करतो.

पोरांच्या आधी दहा दिवस, एका गुरुवारी, आम्ही दोघं चाचणीला गेलो. पाऊस संपून ऊन तापायला लागलं होतं. कड्यापासून वीस फूट आत पिंपरणीचं जुनं झाड आणि त्याच्यामागं मोठा खडक. दोर दोन्हीला बांधला. काठावर दोर घासू नये म्हणून खाली बारदान चौपदरी करून घातलं. दोर प्रवीणचा, नवाकोरा, त्यानं चार महिने पैसे साठवून घेतलेला. पोरांच्या वेळी सोबत दुसरा सुरक्षेचा दोर असणार होता, त्या दिवशी एकच.

अकराला प्रवीण उतरला. साधारण मध्यावर कडा आत जातो, तिथं पाय सुटतात आणि माणूस हवेत लटकतो. वरून खालचं काही दिसत नाही, म्हणून शिट्टीची खूण. तीन लांब शिट्ट्या म्हणजे मी पोचलो, दोर मोकळा. तीन शिट्ट्या आल्या. दोर सैल पडला. ठरल्याप्रमाणे तो नदीनं पुलाकडं निघाला, वाटेत पाणी वाढलं तर कुठं वर चढता येईल त्या जागा बघत. घळीत रेंज नाही. पुलावर पोचून त्यानं फोन करायचा, मग मी दोर वर ओढून गुंडाळायचा.

मी झाडाखाली बसलो, डबा उघडला. थोड्या अंतरावर एक म्हातारे आबा शेळ्या चारत होते. बाकी माळावर कोणी नाही.

अकरा चाळीसला दोर ताणला.

मला वाटलं प्रवीण परत आला आणि खालून ओढतोय. शिट्टी वाजवली. उत्तर नाही. पहिला संशय त्याच्यावरच, कारण लग्नात माझे बूट लपवणारा तोच. पण खालून ओढ दिली तर दोर झटके खातो. हा तसा नव्हता. माणूस उतरताना दोर कसा वागतो ते मला डोळे मिटून कळतं... थोडा सुटतो, थांबतो, डावीकडं सरकतो, परत येतो. नवखा माणूस पाय लावायला जागा शोधतो तेव्हा असंच होतं. झाडापासून काठापर्यंतचा वीस फूट दोर माझ्या डोळ्यांसमोर होता, त्यावर कोणी नाही. आणि काठाच्या खाली कोणीतरी उतरत होतं.

आठ मिनिटांनी दोर सैल झाला. तीनेक मिनिटं गेली. परत ताणला.

मी काठावर पोटावर झोपून खाली पाहिलं. आत गेलेल्या कड्यापर्यंतचा दोर दिसत होता, तारेसारखा सरळ. पुढचं काही दिसत नाही. तिसऱ्या वेळी ते वजन त्या मधल्या जागेवर बराच वेळ थांबलं, मग पुढं गेलं. सैल पडल्याबरोबर मी दोर वर ओढायला घेतला. दोन हात ओढला असेल, तेवढ्यात चौथं वजन आलं. मी पटकन सोडून दिला. ज्या दोरावर माणूस असू शकतो तो ओढायचा नाही, हे आमच्या कामात पहिल्या दिवशी शिकवतात. माणूस नाही हे मला माहीत होतं, तरी हात धजला नाही. त्यानंतर मी ओढायचा प्रयत्नच केला नाही.

पाचव्याला आबांना हाक मारली. म्हटलं, जरा दोराला हात लावा. त्यांनी आधी दोन बोटांनी दाबून पाहिला, मग मूठ धरली.

"कोन उतरतंय?"

"कोणी नाही, आबा."

"न्हाय कसं? मानूस हाय की वो ह्याला."

मग त्यांनी काठी उचलली आणि शेळ्या वळवून निघून गेले. मागं पाहिलं नाही.

मी मोजत राहिलो. सात... आठ... नऊ. प्रत्येक वजन वेगळं होतं. एक हलकं आणि भराभर जाणारं, एक जड, एक सारखं थांबणारं. दहाव्याच्या वेळी माझ्या ध्यानात आलं की मी यादी मोजतोय. खिशात कागद होता. तो काढला नाही. त्यावर काय आहे ते मला माहीत होतं.

अकरावं वजन सुटलं. तीन मिनिटं गेली, चार गेली. मी मनात म्हणत होतो, बस, आता येऊ नको. मग बारावं आलं. मध्यापर्यंत नीट गेलं आणि तिथं थांबलं. पाच मिनिटं, आठ मिनिटं, काही हालचाल नाही. हार्नेसमध्ये, म्हणजे कमरेमांडीच्या पट्ट्यांत, नुसता लटकलेला माणूस फार वेळ तग धरत नाही, त्याच्या पायातलं रक्त थांबतं, हे मी दर वर्षी नवीन पोरांना शिकवतो. मी दोर दोन्ही हातांत धरून बसलो होतो. शेवटी मी काठावरून खाली ओरडलो, "सुजाता". दोनदा. भर दुपारी दोन वाजता, रिकाम्या घळीत. मला त्याची लाज वाटत नाही.

दोर हलका झाला. एरवी सावकाश सैल होतो, तसा नाही. एकदम. वर उसळला आणि पडून राहिला. खालून काहीच आवाज आला नाही.

मी घरी फोन लावला. विशाखानं सुजाताला दिला. ती वैतागली होती, तिचा दुसऱ्या दिवशी पेपर होता. मी म्हटलं काही नाही, सहज. थोड्या वेळानं प्रवीणचा पुलावरून फोन आला. खुशीत होता. वर चढायच्या पाच जागा सापडल्या म्हणाला.

तो मोटारसायकलवर वर आला तेव्हा मी दोर ओढून ठेवला होता. दोराचं टोक कोरडं, डोहाकाठची वाळू लागलेली. पण मध्यावर वरचं वेष्टण हातभर खरबरीत झालेलं आणि एका जागी सरकलेलं. बारदानाचे चारपैकी तीन पदर कापले गेले होते. एका माणसाच्या उतरण्यानं हे होत नाही. मी सगळं सांगितलं. प्रवीण ऐकत होता आणि त्याचं तोंड बदलत गेलं.

"दाजी, खरं सांगा. सुजाताला पाठवायचं न्हाय म्हणून हे चाललंय ना? तसं तोंडावर सांगा की. माझा दोर कशाला घासला?"

मी चाकू काढून दोराचे चार तुकडे केले. खराब दोर कापूनच टाकायचा, नाहीतर कोणीतरी उचलून वापरतो. प्रवीणनं त्यात दुसराच अर्थ पाहिला. आम्ही आबांच्या वस्तीवर गेलो. आबा म्हणाले, "वाऱ्यानं हालत आसंल. म्या न्हाय हात लावला." माझ्याकडं न बघता म्हणाले. ते मला खोटं बोलले की प्रवीणला, हे मला अजून कळलेलं नाही.

प्रवीणनं कार्यक्रम रद्द केला नाही. लातूरच्या मित्राकडून दोन दोर आणले. मी त्याच्या पाया पडायचाच बाकी होतो. त्यानं मला पुरावा मागितला, आणि माझ्याकडं चार तुकडे आणि फाटकं बारदान होतं. सुजाताला मी जाऊ दिलं नाही. ती रडली, भांडली, तिनं कारण विचारलं. कारण काय सांगू? विशाखासुद्धा तिच्या बाजूनं. घरात मी एकटा पडलो.

पण मी स्वतः गेलो. लोकांच्या अकरा लेकरांना तसंच सोडून घरी बसलो असतो तर मला झोप लागली नसती. प्रत्येकाची गाठ तपासली, सुरक्षेचा दोर पूर्ण वेळ माझ्या हातात. तिसरी मुलगी मधल्या जागेवर घाबरून थांबली, बराच वेळ थांबली, मग गेली. तिथं कोणीही थांबतं, असं मी स्वतःला सांगितलं. घड्याळ मी मुद्दाम काढून पिशवीत टाकलं होतं. अकरावा उतरला, खालून प्रवीणच्या तीन शिट्ट्या आल्या. मी तरी दोरावर हात ठेवून बसून राहिलो, किती वेळ ते माहीत नाही. दोर सैलच होता. मग गुंडाळला.

तेव्हापासून मी सगळे संशय घेऊन पाहिले. वारा होता, पण वाऱ्यानं साठ किलो वजन बारा वेळा येत नाही. घळीत कोणी मासे धरणारे असतील म्हणून तीन गावांत विचारलं. सगळ्यात जास्त संशय मी स्वतःवर घेतला. लेकीला पाठवायचं नसेल तर माणसाचं मन काय काय करेल सांगता येत नाही. पण बारदान माझ्या मनानं कापलं नाही. ते अजून माझ्याकडं आहे. याचा उलगडा कोणाला होत असेल तर खरंच कळवा, मी वाद घालणार नाही.

पोरं उतरली त्या संध्याकाळी सुजाता माझ्यासमोर येऊन उभी राहिली होती. प्रवीणनं पाठवलेला फोटो तिच्या मोबाईलवर होता. पुलाखाली अकरा पोरंपोरी ओलेचिंब, हसतायत.

"बघा पप्पा. झालं का कुणाला काही?"

मी फोटो नीट पाहिला. एकेक तोंड मोजलं.

म्हटलं, "नाही. या अकरांना काही झालं नाही."

ती तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलते. बोलते, हे मला पुरतं.