लेकीच्या घरचे चार दाणे

अमरावतीला जायचं ठरलं ते जावईबापूंच्या फोनमुळे. म्हणाले, मंदाची पुस्तकं कॉलेजला देतो आहे, शनिवारी गाडी येईल न्यायला, तुम्हाला काही ठेवून घ्यायचं असेल तर त्याआधी या. मला एक अक्षर वाचता येत नाही, हे त्या माणसाला लग्नापासून ठाऊक आहे. पण बोलावायला काहीतरी निमित्त लागतं, आणि जायलाही लागतं.

मंदा माझी लेक. अमरावतीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायची. पोळ्याच्या आठवड्यात गेली. दवाखान्यातून तिला सासरच्या गावी नेलं, तेरवीही तिकडेच झाली. तिच्या अमरावतीच्या घरात मी त्यानंतर पाऊल टाकलं नव्हतं.

मी बोलते आणि माझ्या लेकाची लेक पूर्वा हे लिहिते. अकोल्याला शिकते, या वेळी माझ्यासोबत आली होती. तिने बजावलं, ब्लॉगवर लोक आधी बस आणि खाणं विचारतात, रडणं नंतर. तर आधी बस.

अकोटहून सकाळची एसटी बरी. अंजनगाव, परतवाडा करत जाते. डावीकडची खिडकी धरा. तिकडून सातपुडा दिसत राहतो आणि ऊन उजवीकडच्यांच्या तोंडावर पडतं. बायांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरीच्या वर फुकट, पण आधार कार्ड लागतं. कंडक्टरनं माझं कार्ड पाहिलं, मग मला पाहिलं.

"आजी, फोटोत लयच चिडेल दिसता."

"फोटो काढणारा म्हणे हसू नका. तवापासून थांबून राहिली बापा. हसा म्हणून सांगाले कोणी आलंच नाई."

पिशवीत नेहमीसारख्या दोन भाकरी, ठेचा आणि स्टीलची पाण्याची बाटली. आमच्याकडे लेकीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या घरचं पाणीही पीत नाहीत. मंदाला मूल झालं नाही. मग हा नियम कुठे संपवायचा ते मला कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. अठ्ठावीस वर्षं लेकीच्या सोफ्यावर बसून मी माझ्या बाटलीतलं पाणी प्यायले.

अंजनगावच्या पुढे दोन्ही बाजूंनी कापूस फुटलेला. आता मंदाची गोष्ट सांगते, कारण ती गोष्ट मला त्याच रस्त्यावर आठवली. ती ग्रीक लोकांच्या जुन्या देवांबद्दल शिकवायची. सुट्टीत आली की मी तुरीच्या शेंगा सोलायची आणि ती त्या देवांची भांडणं सांगायची. त्यांचा थोरला देव झ्यूस. हातात वीज, डोंगरावर राज्य आणि नजर भलतीकडे. मी म्हणायची, हा तर आपला इंद्रच, याला अमरावतीत भाड्यानं खोली दे. ती म्हणायची, ते देव आता कोणी पुजत नाही, पण गेले नाहीत, घराघरात बसलेत. पत्रिकेतला होरा हा शब्द त्यांच्याकडून आला म्हणे. ज्या होऱ्यावर मी तिचं लग्न लावलं, तो! तिच्या वर्गातल्या बौद्ध पोरींना ती जुन्या गांधार देशातल्या बुद्धमूर्तीचं चित्र दाखवायची. बुद्धाच्या बाजूला गदा घेतलेला राखणदार उभा, तो मूळचा ग्रीकांचा पहिलवान देव.

त्यांच्यात पिकांची एक देवी आहे. डिमीटर. माझ्या तोंडात तिची दिमित्राबाई झाली. तिची लेक पाताळातल्या राजानं पळवून नेली. दिमित्राबाई रानोरान शोधत फिरली, अन्न नाही, पाणी नाही, आणि रुसून तिनं पृथ्वीवरची सगळी पिकं बंद करून टाकली. शेवटी देव घाबरले आणि लेकीला सोडा म्हणाले. पण लेकीनं तिथे डाळिंबाचे चार दाणे खाल्ले होते. ज्या घरचं खाल्लं त्या घरची झाली. म्हणून ती वर्षातले काही महिने तिकडे आणि उरलेले आईकडे. ती वर आली की शेतं हिरवी होतात.

खिडकीतून तो पांढराशुभ्र कापूस पाहत होते. दिमित्राबाईनं सगळी पृथ्वी थांबवली. माझी लेक गेली तर माझ्याच्यानं एक बोंड थांबलं नाही.

परतवाड्याला बस थांबते तेवढ्यात चहा होतो, संत्रीही घेऊन ठेवा. अमरावतीला उतरल्यावर पूर्वाला गिला वडा खायचा होता. दह्यात बुडवलेला मऊ वडा, दात नसले तरी चालतो, म्हाताऱ्यांनी जरूर खावा. मी अर्धा खाल्ला. मग अंबादेवी. रुक्मिणीला कृष्णानं याच देवळातून नेलं असं सांगतात. मंदाला मी इथेच एकदा गमतीनं म्हटलं होतं, बघ, आपल्याकडेही पळवापळवी आहे. तर ती म्हणाली, "आहे ना. पण आई, रुक्मिणीची माय मंग काय करत होती, हे कोणीच सांगत नाई." या वेळी मी त्या माऊलीसाठी वेगळा नमस्कार केला. दुपारी गर्दी नसते, तेव्हा जा.

जावईबापूंचं घर ऑटोनं दहा मिनिटांवर. अंगणात मंदानं लावलेलं डाळिंबाचं झाड तसंच उभं. मी आले की ती दाणे काढून वाटी माझ्यापुढे ठेवायची, मी खाणार नाही हे माहीत असूनही.

"चार दाणे खाय, आई. मंग तुले दरवर्षी यावंच लागीन, बांधली जाशीन."

"म्हणूनच तं खात नाई."

मग हसायचो. मी हसायची हे खात्रीनं सांगते. तिचं आता विचारता येत नाही.

बैठकीत पुस्तकांची खोकी दोरीनं बांधून तयार होती. जावईबापू बारीक झालेत. त्यांनी एक पुस्तक वेगळं काढून ठेवलं होतं, चित्रांचं. एक पान उघडून माझ्यापुढे धरलं. दगडाची बाई, खुर्चीवर बसलेली, डोक्यावरून पदर, नजर दूर कुठेतरी. दोन्ही हात तुटलेले. मला कोणी सांगायची गरज पडली नाही, दिमित्राबाईच ती. बाजूला पेन्सिलीनं काही लिहिलेलं. पूर्वानं मनात वाचलं, हसली आणि मग माझ्याकडे पाहू लागली.

"वाच," मी म्हटलं.

तिनं वाचलं. "ही आमची आई. हात तुटले, नाहीतर पाण्याची बाटली दिसली असती."

मला हसू आलं. खरंच आलं, पोट धरून. कार्डावरच्या फोटोपासून अडकलेलं असेल. आणि मग ते थांबेना, आणि ते हसू राहिलं नाही.

जावईबापू खाली पाहत होते. म्हणाले, "तुमी गेल्यावर ती तुमच्याच जागेवर बसे, आई. अन् तुमची वाटी खाऊन टाके. कधी काही बोलली नाई."

अठ्ठावीस वर्षं मला वाटलं मी रीत पाळते आहे. दर वेळी मी बाटली काढायची, आणि दर वेळी त्या पोरीला ऐकू जायचं की तुझ्या घरात मूल नाही.

मी म्हटलं, "जावईबापू, पाणी द्या."

ते उभे राहिले, पण हलले नाहीत. "आता कायले मोडता, आई? पाहणारी तं गेली."

"मोडून नाई राहिली. तहान लागली मले."

त्यांनी पेला भरून आणला. मी प्यायले. मग ते अंगणात गेले. झाडावर एकच डाळिंब पाखरांनी सोडलं होतं. त्यांनी ते फोडलं आणि दाणे वाटीत काढले. मी मंदाची वाटी ओळखली. चार दाणे खाल्ले. आंबट होते. त्या रात्री मी लेकीच्या घरी पहिल्यांदा मुक्काम केला.

दुसऱ्या दिवशी परतलो. येताना उजवीकडे बसा, सातपुडा तिकडे येतो. पुस्तक माझ्या मांडीवर होतं. आता ते फळीवर आहे, त्या पानावर उघडंच ठेवते. दिमित्राबाई दूर पाहते, मी तिच्याकडे पाहते. दोघींना वाचता येत नसावं.

परवा जावईबापूंचा फोन आला. पाण्याची बाटली तिकडेच राहिली म्हणे, कोणाजवळ पाठवून देऊ का. मी म्हटलं, राहू द्या.

गोष्टीतली लेक दाणे खाते आणि दरवर्षी आईकडे परत येते. माझी येत नाही. पण दाणे मी खाल्लेत, तेव्हा दरवर्षी तिच्या घरी जाणं माझ्याकडे आलं.