केशोरीला नेलेलं हिरवं लुगडं

गोंदियाच्या बाजारात केशोरीचा एक माणूस भेटला. तुझी बहीण सुभद्रा आता उठायची नाही, एवढं सांगून तो मिरच्या घ्यायला निघून गेला. मी त्याच दिवशी जायचं ठरवलं. आमच्यात कुंकवाची बाई गेली तर तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडावं लागतं. नाही पडलं तर सासरचे जन्मभर बोलतात. आईबाप गेले, भाऊ नाही. माहेर म्हणजे मीच उरलेली.

आणि लुगडं आणायचं कुठून? लढाईचे दिवस, कापडावर कंट्रोल. रांगेत उभं राहावं तर आपली पाळी येईपर्यंत मांजरपाटसुद्धा संपतो. कोष्ट्याकडे गेले तर तो म्हणाला, सूतच नाही, माग कशावर चालवू. माझी लुगडी दोनच, एक अंगावरचं आणि एक हिरवं, जपून नेसलेलं. तेच गाठोड्यात बांधलं. शेजारीण म्हणाली, माणूस जिवंत असताना असं नेऊ नये. मी म्हटलं, हे माझं बदलायचं आहे. तेही खोटं नव्हतं.

तिकडे जायचं असेल तर चांदा लाईनची छोटी गाडी धरा आणि अर्जुनीला उतरा. गाडी बैलासारखी चालते, पण पोहोचवते. खायला घरून न्या, वाटेत चण्याशिवाय काही मिळत नाही. डब्यात एका दुकानदाराची बायको पेटीवर बसली होती. तिनं माझ्या गाठोड्याकडे पाहून विचारलं, बस इतना ही सामान? मी म्हटलं, पहननेवाली एक है, दो लुगडे काफी हैं. ती हसली. मी काही गंमत केली नव्हती. लुगडं एक असलं तरी त्याची कामं पुष्कळ असतात. अर्जुनीच्या स्टेशनात रात्र काढली तेव्हा तेच हिरवं लुगडं चौपदरी करून पांघरलं. पुसाची थंडी होती. पोरं लहान होती तेव्हा अशाच एका लुगड्याची झोळी बांधली होती, आंबिलही त्यातूनच गाळली होती. पेटी लागते कोणाला?

पुढे केशोरीपर्यंत रेंगी. बैलगाडीच ती, लहान. भाड्याला तांदूळ ठरवला तरी चालतो. गाडीत तणस, धानाचा पेंढा, भरपूर टाकायला सांगा, नाहीतर कंबर मोडते. आमचा गाडीवाला गोंड म्हातारा होता. त्यानं गाठोडं उचलून पाहिलं.

"एवढंसंच? घरून पळून जाऊन राहिली का व बाई?"

"या वयात मले कोन नेते?"

"तेही खरं," म्हणून त्यानं बैल हाणले.

रस्ता जंगलातून जातो. सागाची पानं गळून वाटेवर पडलेली, चाकाखाली वाजतात. मधे नाला लागतो, पाणी गुडघ्याएवढंच. मग धानाच्या बांध्या. कापणी झालेली, नुसती धसकटं. दुसऱ्या वेळी गेले असते तर बघत बसले असते. मी म्हाताऱ्याला सारखी म्हणत होते, हाण लवकर.

दिवस कलायच्या आधी पोहोचले. दार आतून लावलेलं. मी हाका मारल्या. आतून सुभद्राची सून रुखमा म्हणाली, मावशी, थांबा जरा. मी थांबणारी नाही. भर दिवसा दार लावून बसता, पाहुणीला बाहेर उभी करता, असं मी अंगणातच सुरू केलं. रेंगीवाला म्हातारा निघून गेला, मगच तिनं कडी काढली.

रुखमा दाराआड उभी होती. अंगाला बारदाना गुंडाळलेला, धानाच्या पोत्याचा. खाटेवर सुभद्रा, ठिगळांच्या लुगड्यात. घरात नेसायला तेवढं एकच होतं. सासू खाटेला लागायच्या आधी दोघी पाळीनं नेसत. एक रोवणीला गेली की दुसरी घरात. आता ते आजारी बाईच्या अंगावर, म्हणून रुखमा अंधारात पाणी भरून घेई आणि दिवसभर दार लावून बसे. घरातल्या पुरुषांचंही धोतर म्हणजे चिंध्याच.

मी मागं वळून दार लावून घेतलं. सुभद्रानं मला ओळखलं.

"बाई, तुह्या पोरीच्या लग्नाले मी आली नाही. काय नेसून येऊ? सूनबाईले पोत्यात ठेवून?"

मी म्हटलं, गप राहा. गाठोडं सोडलं, हिरवं लुगडं काढलं आणि म्हटलं, ऊठ, हे नेस. तिनं पदर हातात घेऊन काठ चाचपला.

"हे माह्यावर टाकायले आनलं न?"

"नाही. बदलायले आनलं."

"बाई, तुले खोटं कधी बोलता आलं नाही." हसताना तिला ठसका लागला. "टाक. लोकाईले दिसू दे का माहेर आहे. मंग काढून घे आन् रुखमाले दे. सरणाच्या लाकडाईले कायले पायजे लुगडं?"

मी खूप रागावले. असं कोण करतं, म्हटलं. मेलेल्या बाईच्या अंगावरून माहेरचं काढायचं? ती म्हणाली, मी जाईन, पोरीले बाहेर पडायचं आहे. नेस म्हटलं तर नेसली नाही. मळेल म्हणाली. ती होती तोवर तिनं मला उशाशी बसवून ठेवलं. लहानपणच्या तळ्यातल्या शिंगाड्यांच्या गोष्टी काढल्या. एका सकाळी पेज पाजायला गेले तर घोट आत गेलाच नाही.

बाया जमल्या. मी तिला कुंकू लावलं, चुडा भरला, हिरवं लुगडं अंगावर घातलं. सुरेख दिसत होती. एक बाई म्हणालीही, या दिवसांत असं लुगडं म्हणजे माहेर मोठं. तिला उचलायची वेळ झाली तेव्हा मी ते काढलं, घडी केली आणि आत रुखमाच्या हातात दिलं. मग सुभद्राची जाऊ म्हणाली,

"माहेर देते का नेते व?"

मी सांगितलं, तिनंच असं करायला सांगितलं होतं. सगळ्यांना पटलं नाही, दिसत होतं. सुभद्राचा नवरा मान खाली घालून म्हणाला, राहू द्या, तिचंच ऐका. ती ठिगळांच्या लुगड्यातच गेली. ठिगळं तिनं स्वतः लावलेली होती, बारीक टाक्यांची.

रुखमा नेसायला तयार नव्हती. सुतकात हिरवं कसं नेसू, म्हणाली. मी म्हटलं, मग काय पोतं नेसतेस? दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर ती घागर घेऊन तळ्यावर गेली. सगळं गाव बघत होतं. ती खाली बघत चालली, पण चालली. मी अंगणात उभी राहून पाहिलं आणि तेव्हा मला रडू आलं. आधी आलं नव्हतं.

परतीला तेच जंगल, तीच गाडी. जाणाऱ्यांना सांगते, रस्ता वाईट नाही, माणसं पाणी देतात. घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, हिरवं कुठे? सांगितलं. आता एकच आहे. अर्धं नेसते, अर्धं धुते, ते वाळेतो कुंपणाशी उभी राहते. त्याची सवय होते. पोटात जे अडकलं आहे ते वेगळंच. तिचं ऐकलं, ते बरोबर केलं असं दिवसा वाटतं. चुलीपाशी बसलं की ती ठिगळं दिसतात, आणि वाटतं, आपण बहिणीला उघडी पाठवली.

बिड्या वळताना बाया विचारतात, बहिणीवर काय टाकलंस? मी म्हणते, हिरवं. टाकलं होतंच. किती वेळ, ते कोणी विचारत नाही.