दाराजवळची पाटी

गुरुजींनी माझी पाटी छडीच्या टोकानं उलटी केली. मागं काही लिहून ठेवलंय का, ते पाहिलं. हात लावला नाही.

"कोनाचं पाहून लिहिलं बे?"

अकोटजवळच्या खेड्यातली शाळा. मी सातवीत. आम्ही बौद्ध होऊन दोन वर्षं झाली होती. वर्गातली माझी जागा मात्र तीच. दाराजवळ, तरटपट्टीपासून लांब, उघड्या जमिनीवर.

फळ्यावर गणित होतं. बारा बाया एक वावर सहा दिवसांत निंदतात, तर अठरा बाया किती दिवसांत निंदतील? बाकी साऱ्या वर्गानं नऊ लिहिलं. बाया वाढल्या म्हणून दिवसही वाढवले. चार हे उत्तर दोघांचंच होतं. एक पाटलाचा पोरगा. तो गुरुजींकडे शिकवणीला जायचा. दुसरा मी.

माझी आई निंदायला जायची. वावराच्या धुऱ्यावर जास्त बाया दिसल्या की तिचा चेहरा उतरायचा. "आज लवकर उरकते," म्हणायची. वावर लवकर निंदून झालं की पुढचे दिवस बसून काढायचे. बाया वाढल्या की दिवस घटतात, हे मी घरातच पाहिलं होतं. काम तेवढंच राहतं. बारा सक बहात्तर. ते अठरांत वाटले. चार.

"बोल ना. पाटलाच्या पोराचं चोरलं ना?"

पोरं हसली. घडीभर मलाच वाटलं, चोरलंच असेल. माझ्यासारख्याला कसं येईल? त्या संशयाची लाज अजून डाचते. गुरुजींनी तो घेतला होताच, मीही घेतला.

मग मी खाली पाहिलं. माझ्याभोवती नुसती जमीन होती.

"गुरुजी, तो पहिल्या रांगेत बसते. इथून कोनाची पाटी दिसते मले? तुमीच बसवलं इथं."



"लय तोंड सुटलं याले. बस खाली!"

मी पाटी उचलली. पहिल्या रांगेत गेलो आणि पाटलाच्या पोराशेजारी तरटपट्टीवर बसलो. तो सरकला. मी सरकलो नाही.

"तिथून ऊठ."

"काहून?"

गुरुजींनी छडी उगारली. पाठीवर वळ उठले. माझ्या 'काहून'चं उत्तर मात्र त्यांनी दिलं नाही.

आता अकोल्याच्या कचेरीत माझी टिपणी साहेब दुसऱ्याकडून तपासून घेतात. इतरांची घेत नाहीत. मी त्यांच्या टेबलासमोर जाऊन बसतो आणि विचारतो, काहून? उत्तर मिळेपर्यंत उठत नाही.