बाराव्या मजल्यावरची कबुतरं

टॉवर चौथ्या मजल्यापर्यंत होता तोवर सिराजोद्दीनला त्याचं काही वाटलं नव्हतं. बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या जागेवर खड्डा झाला, खड्ड्यातून सळया वर आल्या, सळयांभोवती काँक्रीट चढलं. गल्लीतली माणसं येता-जाता माना वर करून बघत. सिराजोद्दीन तसाही आयुष्यभर मान वर करूनच जगलेला. त्याच्या आभाळात एक राखाडी चौकोन आला, एवढंच.

तो कबुतरबाज होता. पोटासाठी त्यानं घड्याळं दुरुस्त केली. जवळचं दिसेनासं झालं तेव्हा दुकान सोडलं. लांबचं मात्र अजून स्वच्छ दिसत होतं. गच्चीवर कबुतरांची लाकडी ढाबळ होती आणि तिच्याशेजारी उंच बांबूवर बांधलेली छतरी, म्हणजे कबुतरांना उतरायला केलेली चौकट. सकाळी आणि दिवस कलताना तो थवा उडवायचा. काठीला बांधलेलं काळं फडकं फिरवलं की कबुतरं चढत, वर जाऊन ठिपके होत आणि त्याच्या शिट्टीवर परत येत.

कबुतरबाजांचा एक कायदा होता. आपलं कबुतर दुसऱ्याच्या छतावर बसलं की ते त्याचं झालं. मागायला जायचं नाही. जो मागायला जातो त्याला पुन्हा कुणी कबुतरबाज म्हणत नाही. आणि विकत आणलेल्या कबुतराला घर कळेपर्यंत त्याचे पंख दोऱ्यानं बांधतात. घरच्या अंड्यातून निघालेल्याचे कुणी बांधत नाही. बांधले तर आपल्याच छतावर आपला भरवसा नाही असं होतं. सिराजोद्दीनच्या ढाबळीत सगळी घरचीच होती. बाजारातून आणलेलं एक नव्हतं. याचा त्याला गर्व होता आणि तो लपवायचाही नाही.

टॉवर छतरीच्या वर गेला त्या हिवाळ्यात पहिलं कबुतर तिकडं बसलं. उघड्या स्लॅबच्या कडेला, हिरव्या जाळीच्या वर. कबुतर सगळ्यांत उंच जागा धरतं; आजवर ती जागा सिराजोद्दीनची होती. त्यानं शिट्टी वाजवली. कबुतरानं मान वळवून खाली पाहिलं आणि तिथंच पिसं साफ करायला लागलं. त्यानंतर दर मजल्याबरोबर काही जात राहिली. संध्याकाळी दाणा खायला खाली यायची आणि अंधार पडायच्या आत परत वर.

पलीकडच्या छतावर तन्वीर होता, मोबाईलचं दुकान चालवणारा तरुण कबुतरबाज. कबुतरं त्याचीही जात होती, पण तो नवी आणायचा. एकदा त्यानं कठड्यावरून आवाज दिला, "चाचा, बिल्डरनं कबुतरं पाळली म्हणे. नशीब बघा त्याचं. दाणा तुमचा न् थवा त्याचा."

सिराजोद्दीननं ढाबळीचं दार उगाचच दोनदा उघडलं, लावलं.

घरी बदरुन्निसा, त्याची बायको, म्हणायची की पक्षी आहेत, येतील. पुढं तिनं तेही म्हणणं सोडलं. वर गेलेली कबुतरं दाण्यालाही खाली येईनाशी झाली. गच्चीवर आता दुपारपर्यंत ऊन येत नव्हतं. ढाबळीतलं गवत ओलसर राहायचं.

टॉवरचा वॉचमन नरहर टेंभुर्णीकडचा. चहाच्या टपरीवर दोघांची ओळख झालेली. एका सकाळी नरहरनं कप ठेवला आणि हळू आवाजात सांगितलं, "चाचा, साहेबानं औषधवाला बोलावलाय. दाणे टाकणार हायेत वर. लोकं फ्लॅट बघायला येऊन राह्यले न् बाल्कनी सगळी घाण झाली. तुमची उतरवून न्या जल्दी."

"आमची न्हाई ती," सिराजोद्दीन म्हणाला. "तुमच्या छतावर बसली. तुमची झाली."

"माझं छत?" नरहर हसला. "मी पत्र्याच्या खोलीत झोपतो, चाचा. टॉवर माझ्या बापाचा असता तं एक फ्लॅट तुम्हाला दिला असता."

सिराजोद्दीन हसला नाही. नरहरनं पुन्हा एकदा समजावलं. नुसतं दार उघडून देतो म्हणाला, साहेबाला कळणारही नाही. सिराजोद्दीननं चहाचे पैसे ठेवले आणि घरी आला. कबुतरं शहाणी आहेत, परकं धान्य खाणार नाहीत, असं त्यानं बदरुन्निसाला सांगितलं. तिनं विचारलं नव्हतं.

त्यानंतर एके दिवशी भर सकाळी पांढऱ्या शेपटीची मादी छतरीवर येऊन बसली. कितीतरी दिवसांनी. सिराजोद्दीन खाली भाकरी खात होता. पंखांचा आवाज ऐकून तो घास टाकून वर पळाला. बदरुन्निसाला हाका मारल्या, बघ, आली, म्हणाला. मूठभर ज्वारी फेकली. मादी खाली उतरली, पण दाण्याकडे गेली नाही. तिची मान एका बाजूला वळायला लागली, वळतच राहिली, आणि ती स्वतःभोवती फिरत फिरत ढाबळीच्या दाराशी पडली. त्यानं उचलली तेव्हा तिच्या चोचीतून पाणी आलं.

बदरुन्निसा जिन्यात उभी होती.

सिराजोद्दीननं टोपली घेतली, तिच्यावर झाकायला जुनी चादर घेतली आणि भर बाजारातून टॉवरच्या फाटकाशी गेला. तन्वीर दुकानात बसला होता. त्याला सगळं दिसत होतं.

"नरहर," सिराजोद्दीन म्हणाला, "माझी कबुतरं वर हायेत. मला ती पाहिजेत."

नरहरनं मागचं काही काढलं नाही. फाटक उघडलं आणि आपलं पिवळं हेल्मेट काढून त्याच्या टोपीवर चढवलं.

जिन्याला कठडे नव्हते. प्रत्येक मजल्यावर भिंतीला टेकून तो श्वास गोळा करत होता. पोकळ खोल्यांमधून सिमेंटचा वास येत होता. वर, बाराव्या मजल्यावर, मेलेली पडली होती. बहुतेक रानटी, काही त्याची. जिवंत होती ती त्याला बघून आली. शिट्टीची गरज पडली नाही. हातावर, खांद्यावर बसली, जशी बसायची तशीच. त्यानं एकेक धरून टोपलीत घातलं आणि एकानंही अंग चोरलं नाही.

मग त्यानं खाली पाहिलं. आधी त्याला आपलं घर सापडेना. पत्रे, टाक्या, वाळत घातलेले कपडे. छतरी शोधत शोधत नजर गल्लीवर गेली तेव्हा कुठं सापडलं. कुणीतरी विसरून गेलेल्या वस्तूसारखं ते घरांच्या फटीत पडलं होतं. कुठल्या पक्ष्यानं त्यासाठी एवढं खाली यावं, हे त्याला त्या क्षणी तरी सांगता आलं नसतं.

परत येताना तन्वीर दुकानातून उठून रस्त्यात आला. सिराजोद्दीननं मान ताठ केली. पण तन्वीरनं टोमणा मारला नाही.

"द्या चाचा, जड असंल," तो म्हणाला, आणि टोपली घेऊन घरापर्यंत पोचवून गेला. म्हाताऱ्या शेजाऱ्याची पिशवी घ्यावी तशी. सिराजोद्दीनला टोमणा चालला असता.

गच्चीवर बदरुन्निसा दोऱ्याचं रीळ घेऊन बसली. त्यानं कात्री मागितली.

"धागा है ना," ती म्हणाली. "बांधो. काटते कायको?"

बांधलेला दोरा चोचीनं सुटतो, त्यानं सांगितलं. उपटलेलं पीस महिन्याभरात परत येतं. कापलेलं मात्र झडून नवं येईपर्यंत येत नाही, आणि तोवर वरचे दाणे बंद होतील की नाही कुणास ठाऊक. बोलताना तो टॉवरकडे बघत नव्हता. ती कबुतर धरत होती, पंख पसरून देत होती. त्याला जवळचं दिसत नव्हतं म्हणून तो बोटांनी पिसं चाचपत होता, लांब पिसं मुळाशी थोडी ठेवून कापत होता. पिसांच्या नळ्या कचकच तुटत होत्या. रक्त आलं नाही. याचं दुखत नाही, असं तो प्रत्येक कबुतराला म्हणाला.

दिवस कलला. उडवायची वेळ झाली तशी कबुतरं आपणहून ढाबळीतून बाहेर आली आणि माना उंचावून उभी राहिली. सिराजोद्दीन बराच वेळ कठड्याशी बसून होता. मग उठला, काठी घेतली आणि काळं फडकं डोक्यावरून गोल फिरवलं.

कबुतरांनी पंख फडफडवले आणि ती पळाली. पायांनी, एकमेकांवर आपटत, या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत. भिंतीशी जाऊन दाटीनं थांबली. त्यानं पुन्हा फडकं फिरवलं. ती तशीच परत पळत आली.