उंबऱ्याबाहेरचे बूट

अजूनही बाजारात कुणी ‘झिला’, म्हणजे पोरा, अशी हाक मारली की मी वळून बघतो. हाक माझ्यासाठी नसते. मला तसं म्हणणारा एकच माणूस होता, पेडण्याकडचे एक हवालदार, आणि ती हाक मी माझ्याच हातानं घालवली.

गोवा नुकतंच घटकराज्य झालं होतं. मी नवा कोरा फौजदार, डिचोली तालुक्यात कामाला लागलेला. परेड, कायदा, बंदूक सगळं शिकून आलो होतो. माणसाशी बोलायला शिकवलं ते या हवालदारांनी. पाळीच्या बाजूला खनिजाच्या ट्रकांनी रस्ता लाल झालेला, आमचे बूटही लाल. कुणाच्या घरी चौकशीला गेलो की हवालदार उंबऱ्याशी वाकून नाड्या सोडायचे आणि नुसत्या मोज्यांवर आत जायचे. पहिल्या दिवशी मी सारवलेल्या जमिनीवर तसाच घुसलो, तर दंडाला धरून बाहेर आणलं.

“झिला, बूट घालून गेलस तर माणूस इचारशीत तितक्याच सांगतलो. बूट काढलस की तो पाणी देतलो. मगे सगळा सांगतलो.”

त्यांच्या उजव्या मोज्याला अंगठ्यापाशी कायम भोक असायचं. मी चेष्टा केली की म्हणायचे, “ता वाऱ्यासाठी.”

त्यांना एकच हौस होती: निवृत्तीआधी दोन वर्षं तरी ट्रेनिंग स्कूलमध्ये नव्या पोरांना शिकवायचं. काय शिकवायचं त्याची एक वहीसुद्धा त्यांनी लिहून ठेवली होती.

पुढे माझी बदली पणजीला, प्रशिक्षणाच्या विभागात झाली. राज्य नवं, तसे नियमही नवे. शिकवायला घ्यायचा माणूस आधी प्रत्यक्ष चौकशीवर असताना तपासायचा आणि छापील तक्त्यात खुणा करायच्या, असं ठरलं. हवालदारांचं नाव यादीत होतं, आणि त्यांना तपासायला नेमकं मलाच धाडलं. साखळीच्या बसमध्ये मी तक्ता वाचला. एक ओळ होती, ‘चौकशीभर पूर्ण गणवेश : होय / नाही’. बूटही गणवेशातच, म्हणजे हवालदारांचं इथं ‘नाही’ येणार. त्यांच्या कानात एक शब्द टाकला असता तर काम भागलं असतं. पण परीक्षकानं आधी काही सांगायचं नाही, हेही त्यात होतं, आणि मला तेव्हा माझ्या सचोटीचं भारी कौतुक.

त्या दिवशीची चौकशी एका म्हातारीकडे होती; ट्रकनं तिचं कुंपण पाडून गाय जखमी केली होती. मुलगा त्याच खाणीवर कामाला, म्हणून ती तोंड उघडत नव्हती. हवालदारांनी बूट काढले, आत बसले, पाणी आलं. अर्ध्या तासात तिनं ट्रक कुणाचा तेही सांगितलं. मी पायरीवर बूट घालून उभा होतो. ‘नाही’वर खूण केली. शेरा लिहायला तक्त्यात जागाच नव्हती, आणि मीही ती शोधली नाही.

त्या एका खुणेवर त्यांचं नाव गळलं. भेटले तेव्हा ते रागावले नाहीत. “नियम तो नियम, साहेब,” एवढंच म्हणाले. तोपर्यंत त्यांनी मला कधी साहेब म्हटलं नव्हतं.

ते निवृत्त झाल्यावर मी एकदा पेडण्याला त्यांच्या घरी गेलो, ड्युटीवरूनच, गणवेशात. दारात वाकून नाड्या सोडू लागलो.

“बूट काढू नकात, साहेबानू. मार्क जातले.”

ते हसले, मलाही हसावं लागलं. तरी मी बूट काढले. त्यांनी स्वतः आतून तांब्या आणला. पाणी प्यायलो आणि सगळं सांगून टाकलं: बसमध्ये वाचलेली ती ओळ, गप्प राहिलो ते, त्याचा मिरवलेला अभिमानही. त्यांनी नेहमीसारखं, मध्ये न बोलता ऐकून घेतलं. मी थांबलो तेव्हा रिकाम्या भांड्यात आणखी पाणी ओतलं.

“घेवा, साहेबानू,” ते म्हणाले.

त्या जुन्या हाकेची वाट बघत मी आणखी थोडा वेळ बसलो. मग बाहेर येऊन बूट घातले.