नव्या गाडीवरचा नागसेन

हदगाव तालुक्यातल्या निम्म्या गावांत नागसेनला नावानं कोणी ओळखत नसे. 'वाकडा डॉक्टर' म्हटलं की लोक लगेच वाट दाखवायचे. खरं तर तो डॉक्टर नव्हता, सरकारी पशुदवाखान्यातला पर्यवेक्षक होता. गाईम्हशींना लस टोचायची, वासरांच्या कानांत बिल्ले मारायचे, हे त्याचं काम. आणि वाकडाही तो नव्हता, वाकडी होती त्याची गाडीवर बसायची तऱ्हा. लाल रंगाची स्पोर्ट्स बाईक त्यानं नोकरीच्या पहिल्या उमेदीत घेतली आणि चाळिशी दिसू लागली तरी सोडली नाही. टाकीवर पोट टेकवून, मान उचलून तो यायचा, आणि मागच्या टीचभर सीटवर लसीचा बर्फाचा डबा दोरीनं करकचून बांधलेला असायचा. असल्या गाडीवरून म्हशी तपासायला जाणारा माणूस मराठवाड्यात दुसरा नसावा. लोक हसायचे आणि तोही त्यांच्यात मिळून हसायचा.

त्या गाडीचा आवाज मात्र सगळ्या शिवाराला पाठ होता. कापसाच्या शेतातली बाई मान वर न करता सांगायची, वाकडा डॉक्टर गेला. आणि सगळ्यांत जास्त पाठ होता तो नागुबाईला, म्हणजे त्याच्या आईला. काचबिंदूनं म्हातारीची नजर गेली होती, उजेड आणि अंधार तेवढा कळायचा. घरात दोघंच. बायको लुंबिनी लेकीच्या क्लाससाठी लातूरला खोली घेऊन राहिलेली, सुट्टी बघून नागसेनच तिकडं जाऊन यायचा. दिवेलागणीला गाडी ओढ्याच्या पुलावर आली की नागुबाई तवा ठेवायची. नागसेन हातपाय धुऊन बसेपर्यंत पहिली भाकरी टम्म फुगलेली असे. आंधळ्या बाईनं हातावर भाकरी थापावी आणि ती कधी फाटू नये, याचं गावाला कौतुक होतं.

पण मान काही ऐकेना. मनगटांना मुंग्या येऊ लागल्या, रात्री कूस बदलताना हाय म्हणायची वेळ आली. नांदेडच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि मणके झिजल्याचं सांगितलं. गाडी बदला, नाहीतर गळ्यात पट्टा घालून घरी बसा, असं त्यांनी चक्क सुनावलं. नागसेन चार दिवस रुसून बसला आणि मग मुकाट्यानं अ‍ॅडव्हेंचर टूरिंगची गाडी घेऊन आला. उंच, रुंद हँडलची, खड्ड्याला न जुमानणारी, दोन्ही बाजूंना पेट्या असलेली. लाल गाडी अहमदपूरच्या विनोदनं नेली. त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्याला अशा गाड्यांचा भारी नाद होता.

पहिल्याच दिवशी ताठ बसून जाताना नागसेनला सोयाबीनच्या वरून पार पलीकडचे बांध दिसले. निंदणाऱ्या बाया दिसल्या, विहिरी दिसल्या, इतकी वर्षं आपण नुसतं डांबरच बघत आलो याचं त्याला हसू आलं. मान दुखत नव्हती, बर्फाचा डबा पेटीत गपगार बसला होता. खालच्या पट्टीत धबधब करणारी गाडी घेऊन तो खुशीत घरी आला.

घरात तवा उतरवलेला होता. नागुबाई खाटेवर आडवी झालेली.

"जेवून परत कुठं गेलतास?" तिनं विचारलं.

आपण आत्ताच येत असल्याचं त्यानं सांगितलं. म्हातारी म्हणाली, मग मघाशी गाडी आली ती कोणाची, आणि जेवलं कोण? नागसेन हसला. वय झालंय, असं मनाशी म्हणत तो ताट घ्यायला मोरीकडं वळला. तिथं उष्टं ताट होतं. भाकरीचा पदर खाऊन करपलेली कड तेवढी बाजूला काढून ठेवलेली. ही खोड लहानपणापासून त्याची, आणि तिच्यापायी त्यानं बापाचा मारही खाल्लेला. त्याचं हसू तिथंच विरलं.

दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशीही. कधी उंबऱ्याशी ओली पावलं, कधी त्याचा टॉवेल ओला. दार फोडून कोणी येत नव्हतं, काही चोरीला जात नव्हतं. कोणीतरी यायचं, हातपाय धुवायचं, जेवायचं, आणि तो पोचायच्या आत नसायचं.

समोरच्या सरजाबाईला त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं. तिनं पाहिलं कोणाला नव्हतं, पण लाल गाडीचा आवाज तिनंही रोज ऐकला होता. गाडी विकली म्हणालात ना, असं तीच उलट विचारू लागली. मग आवाज खाली आणून म्हणाली, लिंबू उतरून टाका.

हे ऐकून आतून नागुबाई बाहेर आली. तिचा नवरा निवृत्ती जिवंत असता तर सरजाबाईची काही खैर नव्हती. त्याच्या बापानं छप्पन्नच्या दीक्षेनंतर घरातले टाक, ताईत, अंगारे सगळे नदीत सोडले होते. पुढं निवृत्तीनं लेकाला अमावस्येला मुद्दाम मसणवट्यातून पाणी आणायला पाठवून धीट केलं होतं. नागसेनलाही त्याचा अभिमान होता. गोठ्यात काळी बाहुली टांगणाऱ्यांना लस टोचता टोचता तो दोन गोष्टी सुनवायचा.

"आम्ही भूत मानीत न्हाई," नागुबाई शांतपणे म्हणाली. "भूत नसतंयच. मग रोज येतो त्यो माझा नागसेनच की."

जन्मभर ऐकलेलं हे बोलणं आज पहिल्यांदा नागसेनवरच उलटलं. भूत नाही, हे त्यालाही मान्य होतं. मग रोज उशिरानं धबधब करत येणारा हा कोण? दुसऱ्या घरात निदान लिंबू तरी कापता आलं असतं.

त्यानं विनोदला फोन लावला. गाडी तर आणली तशी खोलून ठेवलीय, असं विनोद म्हणाला. विश्वास बसेना म्हणून नागसेन लातूरला जाताना अहमदपूरला थांबला. दुकानामागं पत्र्याखाली लाल गाडी उभी होती, इंजिन उतरवून गोणपाटावर ठेवलेलं, चेन खिळ्याला टांगलेली. त्यानं इंजिनाला हात लावून पाहिला, ते गार होतं. लुंबिनीला त्यानं यातलं काही सांगितलं नाही. काय सांगणार होता?

मग एक दिवस त्यानं रजा टाकली आणि घरीच बसला. येऊ दे कोण येतंय ते, म्हणाला. दिवेलागण झाली. नागुबाईनं बुद्धवंदना म्हटली आणि पुलाच्या दिशेला कान लावून बसली. आवाज आला नाही. नागसेन तिच्या पुढ्यातच होता, तिच्याशी बोलत होता, भूक लागल्याचं सांगत होता. पण तिनं तवा ठेवलाच नाही. नागसेन अजून आला नाही, रस्त्यात काही झालं की काय, असं ती पुन्हा पुन्हा त्यालाच सांगत राहिली. त्यानं तिचा हात धरून स्वतःच्या तोंडावरून फिरवला. तिनं तो हळूच सोडवून घेतला. उपाशीच झोपली.

दुसऱ्या दिवशी तो कामावरून आला तेव्हा ती दारातच उभी होती.

"या. बसा," ती म्हणाली. "नागसेन आत्ताच जेवून पडलाय. तुमचं काही काम हाय का त्याच्याकडं?"

पोटच्या पोराला ती 'तुम्ही' म्हणाली. नागसेन पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला. आत, त्याच्या खाटेवरची चादर चुरगळलेली होती आणि खाट रिकामी होती.

त्याच आठवड्यात तो नवी गाडी घेऊन पुन्हा अहमदपूरला गेला. विनोदला म्हणाला, ही ठेव आणि माझी मला दे. नवी कोरी उंच गाडी जुनीच्या बदल्यात मिळतेय म्हटल्यावर विनोदला आधी थट्टाच वाटली, मग त्याची दया आली. त्यानं मिस्त्रीला बसवून लाल गाडी जोडून घेतली. बटण दाबताच तो ओळखीचा आवाज उठला, तेव्हा नागसेनला हुंदका आवरेना.

सारा रस्ता तो टाकीवर पोट टेकवून आला. मान ठणकत होती, मनगटं बधिर झाली होती, आणि त्याचं त्याला सुख वाटत होतं. दिवेलागणीला पूल आला. त्यानं गाडी जरा जास्तच रेटली. घराशी येईपर्यंत भाकरीचा वास सुटला होता.

"आलास का रं, बाळा?"

"आलो, माय."

त्यानं हातपाय धुतले. नागुबाईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला, किती वाळलास म्हणाली, आणि गरम भाकरी ताटात टाकली. नागसेन जेवू लागला. इतक्या दिवसांत पोटात पहिल्यांदा गरम घास जात होता, आणि समोर आई त्याला तू म्हणत होती. यापुढं मान मोडली तरी ही गाडी सोडायची नाही, असं त्यानं ठरवून टाकलं. करपलेली कड त्यानं बाजूला काढून ठेवली.

तेवढ्यात पुलावर धबधब वाजलं.

नागसेनचा घास हातातच राहिला. आवाज गल्लीत वळला, दाराशी आला, बंद झाला. कोणीतरी उंच गाडीवरून पाय टाकून उतरलं. ओट्यावर हेल्मेट ठेवल्याचा आवाज आला.

"आले बघ ते," नागुबाई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. "रोज येतेत बिचारे. सवताला नागसेन म्हणवतेत."

बाहेरून कडी वाजली.

"माय, मी हाय," बाहेरचा म्हणाला. दिवसभर गावं हिंडून दमलेला, भुकेला आवाज. नागसेननं तो बरोबर ओळखला. दार उघडलं नाही तर तो पायरीवर बसून रडेल, हेही त्याला ठाऊक होतं.

नागुबाईनं मान त्याच्याकडं वळवली.

"तू बघतोस का रं, कोण हाय ते?"

नागसेननं ताट जवळ ओढलं.

"कोणी न्हाई, माय," तो म्हणाला. "तू वाढ."